झोपाळू सेनापती आणि थकबाकीदारांचे बंड

खलिता सांगता सांगता दोन वाक्यांच्या मध्येच ज्याला डुलकी लागत असे, आणि लेखनिकाने आधीचे वाक्य लिहून पुरे केले की डोळे उघडून जो पुढचे वाक्य बिनचूक सांगत असे, असा एक सेनापती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात होऊन गेला. त्याचे नाव बेंजामिन लिंकन. आडनाव ऐकताच कोणालाही अब्राहम लिंकन आठवतील, आणि ते अगदीच चूक नाही. अब्राहम लिंकन यांचा पूर्वज सॅम्युअल १६३७ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या हिंगहॅम गावी येऊन राहिला, त्याच गावात जवळपास शंभर वर्षांनी, २४ जानेवारी १७३३ रोजी, या बेंजामिनचा जन्म झाला. घराणी मात्र दोन वेगळी.

मी एका माध्यमिक शाळेत तीसेक वर्षे इतिहास शिकवला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आमच्या पुस्तकात फार तर दोन पानांत आटोपत असे आणि त्यात वॉशिंग्टनखेरीज दुसऱ्या सेनापतीला जागा नसे. लिंकनची आणि माझी गाठ पडली ती निवृत्तीनंतर, सवडीने वाचताना. ती पडली आणि घट्ट बसली याचे कारण आमचे थोरले काका. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे फौजी आप्पा म्हणत. पलटणीतून सुभेदार होऊन ते परत आले आणि पुढे दोन-तीन वर्षांतच गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे चेअरमन झाले. फौजेतला माणूस राजकारणात आला की त्याचे काय होते हे मी प्रथम त्यांच्या ओट्यावर बसून पाहिले. त्यांच्याविषयी पुढे ओघाने येईलच.

लिंकन हा मुळात शेतकरी. वडील गावातले वजनदार गृहस्थ होते, आणि गावच्या चिटणीसाचे काम वडिलांकडून मुलाकडे चालत आलेले होते. बेंजामिन वयाच्या चोविसाव्या वर्षी, १७५७ मध्ये, त्या जागेवर बसला. जन्ममृत्यूच्या नोंदी, सभांचे ठराव, हद्दीची भांडणे, आपल्याकडच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात जे काही असायचे, साधारण तेच त्याच्याही दप्तरात होते. जोडीला गावोगावच्या लोकांच्या हंगामी फौजेत, म्हणजे मिलिशियात, त्याची हजेरी असे. ही फौज पेरणी-कापणी सांभाळून उभी राहणारी होती. अंगाने तो चांगलाच स्थूल होता, घोड्यावर बसला तरी रुबाबदार दिसावा असा नव्हता, आणि बसल्या जागी झोप लागण्याची त्याची खोड आयुष्यभर सुटली नाही. स्वतः गाडी हाकतानाही तो झोपी जाई, अशी आठवण त्याच्या ओळखीच्यांनी लिहून ठेवली आहे. इतके असूनही फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनच्या शिफारशीवरून त्याला मुख्य फौजेत थेट मेजर जनरल करण्यात आले. त्या वेळी ज्यांना डावलले गेले त्यांत बेनेडिक्ट अर्नोल्ड होता, आणि हे शल्य मनात ठेवून पुढे फितूर झालेल्या अर्नोल्डची कथा जगाला ठाऊक आहे.

लिंकनचे खरे कसब रणांगणापेक्षा रुसलेल्या माणसांना सांभाळण्यात होते, असे माझे मत झाले आहे. १७७७ च्या उन्हाळ्यात जनरल बर्गॉइनची ब्रिटिश फौज कॅनडाकडून खाली सरकत असताना वॉशिंग्टनने त्याला उत्तरेकडे पाठवले ते तिथल्या मिलिशियाला एकत्र आणण्यासाठी. तिथे जॉन स्टार्क नावाचा एक तापट अधिकारी होता. बढतीत आपल्याला डावलले म्हणून तो आधीच मुख्य फौज सोडून घरी गेला होता, आणि आता न्यू हॅम्पशायरची माणसे घेऊन उभा राहिला तरी मुख्य फौजेचा हुकूम मानणार नाही असे त्याने लिंकनला तोंडावर सांगितले. लिंकनला ज्या खेपेत बढती मिळाली त्याच खेपेत स्टार्क मागे राहिला होता, म्हणजे समोर उभा असलेला माणूस त्याच्या दुखण्याचे मूर्तिमंत कारण होता. दुसरा कोणी असता तर शिस्तभंगाचा कागद वर गेला असता. लिंकनने वाद वाढवला नाही आणि स्टार्कला जिथे थांबायचे होते तिथे थांबू दिले. १६ ऑगस्टला त्याच स्टार्कने बेनिंग्टनजवळ शत्रूची एक मोठी तुकडी बुडवली आणि बर्गॉइनचे पाय लंगडे केले. ऑक्टोबरमध्ये साराटोगा येथे बर्गॉइन शरण आला तेव्हा लिंकन मात्र अंथरुणावर होता. काही दिवस आधी, ८ ऑक्टोबरला, त्याच्या उजव्या घोट्यात गोळी लागली होती. हाड जुळायला कित्येक महिने गेले, तो पाय सुमारे दोन इंचांनी आखूड झाला, आणि पुढची सारी कारकीर्द त्याने लंगडत केली.

त्यानंतर आली ती मोठी बदनामी. १७७८ च्या शरदात त्याला दक्षिणेचा सेनापती नेमले गेले. पुढच्या वर्षी फ्रेंच आरमाराच्या मदतीने सव्हाना परत घेण्याचा प्रयत्न फसला, आणि १७८० च्या वसंतात ब्रिटिश सेनापती हेन्री क्लिंटनच्या फौजेने चार्ल्सटन शहराला वेढा दिला. लष्करी शहाणपण असे सांगत होते की वेढा पुरता आवळण्याआधी शहर सोडावे आणि फौज वाचवावी. पण शहरातल्या पुढाऱ्यांनी, त्यांत उपराज्यपाल क्रिस्टोफर गॅड्सडेन आघाडीवर होता, लिंकनला बजावले की फौज निघून जाऊ लागली तर आम्हीच शत्रूला वेशी उघडून देऊ. लिंकन थांबला. सुमारे सहा आठवड्यांच्या वेढ्यानंतर, शहराला आगी लागू लागल्यावर, तेच पुढारी तह करा म्हणून त्याच्या मागे लागले. १२ मे १७८० रोजी पाच हजारांहून अधिक माणसांसह तो शरण गेला. त्या संपूर्ण युद्धात अमेरिकनांचा इतका मोठा पाडाव दुसरा झाला नाही. वर क्लिंटनने लष्करी मानही नाकारला. शिपायांना निशाणे गुंडाळून बाहेर पडावे लागले.

लिंकन इथे मुलकी माणसांपुढे नको इतका नमला, आणि हा दोष त्याच्या पदरात घालावाच लागेल. गावच्या चिटणिसाच्या घरात वाढलेल्या माणसाला लोकांच्या सभेचा शब्द मोडवेना, हे समजण्यासारखे आहे; पण त्याची किंमत हजारो शिपायांनी कैदेत मोजली, आणि त्यांतले कितीतरी बंदरात नांगरलेल्या कैदी जहाजांवर रोगाने मेले. तरीही वॉशिंग्टनचा त्याच्यावरचा विश्वास उडाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कैद्यांच्या अदलाबदलीत, ब्रिटिश जनरल विल्यम फिलिप्सच्या बदल्यात, लिंकन सुटून आला, आणि पुढच्या वर्षी यॉर्कटाउनच्या वेढ्यात तो वॉशिंग्टनच्या खालोखालचा अधिकारी होता.

१९ ऑक्टोबर १७८१ चा प्रसंग अनेकांनी चित्रात पाहिला असेल. यॉर्कटाउनमध्ये कोंडल्या गेलेल्या ब्रिटिश फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस याने आजारपणाचे निमित्त सांगितले आणि शरणागतीची तलवार आपल्या हाताखालच्या ओ'हारा नावाच्या जनरलबरोबर पाठवली. ओ'हाराने ती आधी फ्रेंच सेनापती रोशांबोपुढे धरली. त्याने वॉशिंग्टनकडे बोट दाखवले. दुय्यम अधिकारी आला आहे तर दुय्यमानेच ती घ्यावी, म्हणून वॉशिंग्टनने ओ'हाराला लिंकनकडे वळवले. लिंकनने तलवार हाती घेतली आणि परत केली. ब्रिटिशांनाही त्या दिवशी निशाणे गुंडाळूनच बाहेर पडावे लागले, कारण चार्ल्सटनला जे दिले तेच इथे मिळेल असे तहाच्या वाटाघाटीत अमेरिकनांनी मुद्दाम लिहून घेतले होते. ज्याची तलवार लिंकनने परत केली तो कॉर्नवॉलिस पाचच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात उतरला, टिपूविरुद्धच्या स्वारीत मराठी फौजा त्याच्या बाजूने लढल्या, आणि १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला. आपल्या पाठ्यपुस्तकात हा एकच माणूस दोन वेगवेगळ्या धड्यांत येतो, पण तो एकच आहे हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटायची.

यॉर्कटाउननंतर अमेरिकेच्या काँग्रेसने लिंकनला युद्धखात्याचा सचिव केले. त्या पदावरचा तो पहिलाच. दोन वर्षे त्याने रिकाम्या तिजोरीवर खाते चालवले आणि १७८३ मध्ये तो हिंगहॅमला घरी आला.

मला सांगायचे आहे ते याच्या पुढचे. युद्धात शिपायांना रोख पगार फार थोडा मिळाला, बाकीचे कागदी रोखे. घरी आल्यावर पोट जाळायला त्यांनी ते रोखे मिळेल त्या भावाने विकले, आणि बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात गोळा केले. मग मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने ठरवले की या रोख्यांचे कर्ज पुरेपूर फेडायचे आणि त्यासाठी कर बसवायचा, तोही नाण्यात. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याकडे धान्य होते, गुरे होती; नाणे नव्हते. म्हणजे ज्या शिपायाने चार आण्यांना रोखा विकला, त्याच्याचकडून रुपया वसूल करून तो रोखा विकत घेणाऱ्याला द्यायचा, असा हा हिशेब झाला. कर थकला की कोर्ट, कोर्टाच्या मागे जप्ती, आणि जप्तीतून भागले नाही तर तुरुंग. ऑगस्ट १७८६ मध्ये नॉर्थॅम्प्टन येथे शेतकऱ्यांच्या जमावाने कोर्टाचे कामकाजच बंद पाडले, आणि ठिकठिकाणी तसेच होऊ लागले. त्यांच्या पुढाऱ्यांत डॅनियल शेज होता. हा युद्धात कॅप्टन झाला होता, बंकर हिलला होता, साराटोगालाही होता. फ्रेंच सरदार लाफायेतने त्याला एक तलवार भेट दिली होती. ती त्याने कर्जापायी विकून टाकली.

या बंडाविरुद्ध गव्हर्नर बोडविनने नेमला तो सेनापती म्हणजे लिंकन. फौज उभारायला सरकारजवळ पैसे नव्हते, तेव्हा लिंकन स्वतः बोस्टनच्या धनिकांच्या क्लबात गेला आणि त्यांना त्याने सरळ सांगितले की उरलेली मालमत्ता टिकवायची असेल तर तिच्यातला थोडा भाग आता उसना द्या. सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. हे वाचताना मी अस्वस्थ झालो, हे लपवत नाही. ज्यांच्या वसुलीसाठी शेतकरी नाडले जात होते, त्यांच्याच पैशावर फौज निघाली होती, आणि तिचा सेनापती स्वतः शेतकरी होता. बंडखोरांच्या मागण्या त्याला पटल्या होत्या असे समजण्याचेही कारण नाही. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे आणि कोर्ट चाललेच पाहिजे, या मताचा तो होता.

२५ जानेवारी १७८७ रोजी शेजची माणसे स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली. तिथल्या जनरल शेपर्डने तोफेतून छर्रे सोडले, चार माणसे मेली आणि बाकीची पांगली. दोन दिवसांनी लिंकन तिथे पोहोचला. पाठलाग सुरू झाला, मध्ये पत्रापत्री झाली, आणि ३ फेब्रुवारीला शेज पीटर्सहॅमला सरकल्याची बातमी आली. लिंकनने त्याच रात्री आठ वाजता हॅडलीहून कूच केले. अंतर तीस मैल, म्हणजे जळगावहून पायी निघून भुसावळला पोहोचावे आणि न थांबता तसेच परत जळगावला यावे, जवळपास इतके. निघताना हवा बरी होती. मध्यरात्रीनंतर वारा उलटला आणि हिमवादळ सुरू झाले. वाटेत निवारा नाही, थांबावे तर माणसे गारठून मरणार, म्हणून चालत राहणे एवढाच उपाय उरला. चौपन्न वर्षांचा, लठ्ठ, आखूड पायाचा हा सेनापती सकाळी नऊच्या सुमारास पीटर्सहॅममध्ये शिरला तेव्हा अशा रात्री कोणी येईल हे बंडखोरांच्या स्वप्नातही नव्हते. दीडशे पकडले गेले, बाकीचे पळाले, शेज व्हरमाँटच्या दिशेने निसटला. रक्त सांडले नाही. ज्या माणसाला बसल्या जागी झोप येत असे, तो त्या एका रात्री तेरा तास जागा होता.

इथवरची हकीकत कोणत्याही लष्करी विजयाची आहे. यानंतर दोन आठवडेही गेले नसतील तोच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने एक कायदा केला. बंडात सामील झालेल्यांना माफी हवी असेल तर त्यांनी शस्त्रे खाली ठेवावीत, राज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, आणि तीन वर्षे त्यांना मतदान करता येणार नाही, पंच म्हणून बसता येणार नाही, कोणतेही पद घेता येणार नाही, खाणावळ चालवता येणार नाही, आणि शाळामास्तरही होता येणार नाही. (आमच्या व्यवसायाला इतके धोकादायक समजले गेले याचा मला थोडा अभिमान वाटला.) हा कायदा चुकीचा आहे असे जे बोलले त्यांत बंड मोडणारा लिंकन होता. त्याने वॉशिंग्टनला लिहिलेल्या लांबलचक पत्रात त्याचे म्हणणे सापडते: या लोकांचे मत काढून घेतले तर त्यांच्या गावांतून विधिमंडळात कोणी येणार नाही, त्यांचे गाऱ्हाणे ऐकायला जागाच उरणार नाही, आणि मग ते पुन्हा रानात जमतील; त्यापेक्षा त्यांचे प्रतिनिधी सभागृहात येऊन भांडू द्यावेत.

हे वाचले आणि मला आप्पांचा ओटा दिसू लागला. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस होते. बोरी नदीच्या पात्रात खड्डे करून बायका वाटीवाटीने पाणी भरत. सोसायटीची थकबाकी डोंगराएवढी झाली होती, आणि वरून वसुलीचा तगादा होता. एका संध्याकाळी गटसचिव थकबाकीदारांची यादी घेऊन आमच्या ओट्यावर बसले होते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचे वसुलीचे दाखले कोणाकोणावर काढायचे ते ठरायचे होते. आप्पा चष्मा कपाळावर चढवून एकेक नाव ऐकत आणि सही करत. शिस्तीचा माणूस, कर्ज बुडवणाऱ्याची त्यांना मनापासून चीड होती, आणि त्यांनी सह्या केल्या, एकही दाखला अडवला नाही. आमच्या सख्ख्या चुलत्यांचे नाव आले तेव्हाही पेन थांबले नाही. याद्या आटोपल्यावर मात्र गटसचिव सहज म्हणाले की आता बरे झाले, थकबाकीदार असल्याने यांच्यातला एकही जण पुढच्या निवडणुकीला उभा राहू शकणार नाही, सर्वसाधारण सभेतही कटकट कमी होईल. आप्पांनी पेनला टोपण लावले आणि एरवी आमच्याशी शुद्ध बोलणारा तो माणूस अहिराणीत म्हणाला, "त्याले बी याच गावमा ऱ्हावानं शे." पुढच्या सभेत त्यांनी थकबाकीदारांनाच आधी बोलायला लावले. ती सभा दुपारी सुरू झाली ती दिवे लागेपर्यंत चालली, आप्पांना वाट्टेल ते ऐकून घ्यावे लागले, आणि नंतरच्या निवडणुकीत ते पडले.

आपल्या खान्देशाला या जातीच्या बंडांची ओळख नाही असेही नव्हे. १८५२ मध्ये जमीनमोजणीने सारा वाढेल या धास्तीने सावदा, रावेर, चोपडा या भागांतले शेतकरी हजारोंनी जमले होते. सरकारने फौज आणली, पुढारी पकडले आणि मोजणी पुढे चालू ठेवली. तिथे ऐकून घेण्यासाठी सभागृहच नव्हते. काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन १९३६ मध्ये त्याच पट्ट्यात, फैजपूरला भरले आणि तिथे शेतकऱ्यांच्या कर्जाचा कार्यक्रम मांडला गेला, याला मधली चौऱ्यांशी वर्षे जावी लागली.

मॅसॅच्युसेट्समध्ये मामला लवकर निवळला. १७८७ च्या निवडणुकीत बोडविन सपाटून हरला, जॉन हॅनकॉक मोठ्या मताधिक्याने गव्हर्नर झाला, कराचा बोजा हलका केला गेला. बंडखोरांना माफी देण्यासाठी तीन आयुक्त नेमले गेले त्यांत लिंकन होता, आणि त्या तिघांनी ७९० जणांना माफी दिली. पुढे १७८८ मध्ये लिंकन एका वर्षासाठी उपराज्यपाल झाला. नवी राज्यघटना मंजूर करणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेतही तो होता, आणि तिथे ती १८७ विरुद्ध १६८ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली. राजकारणी म्हणून तो फार वर गेला नाही. १७८९ ते १८०९ अशी वीस वर्षे तो बोस्टन बंदराचा जकात अधिकारी राहिला, ही त्याची सर्वांत लांब नोकरी. अधूनमधून आदिवासी जमातींशी बोलणी करण्यासाठी त्याला पाठवत. १७९३ ची पश्चिमेकडची मोहीम पूर्ण फसली.

आणि कर्जाने त्यालाही सोडले नाही. हेन्री नॉक्स हा त्याचा जुना सोबती, युद्धखात्यात त्याच्यानंतर आलेला, मेनमधल्या अफाट जमिनींच्या नादी लागला होता. लिंकन त्याच्या रोख्यांना जामीन राहिला. नॉक्स बुडू लागला तसा धनकोंचा मोर्चा जामीनदाराकडे वळला आणि म्हातारपणी लिंकनला स्वतःची मालमत्ता पणाला लावावी लागली. कर्ज काढणारा एक वेळ सुटेल पण जामीनदार सुटत नाही, हे आमच्या गावात कोणालाही विचारावे.

९ मे १८१० रोजी लिंकन हिंगहॅमला वारला, ज्या घरात जन्मला त्याच घरात. शेजला १७८८ मध्ये माफी मिळाली. तो न्यू यॉर्क राज्यात जाऊन राहिला आणि लिंकनच्या मागे आणखी पंधरा वर्षे जगला. स्वातंत्र्ययुद्धात केलेल्या नोकरीबद्दल म्हातारपणी त्याला सरकारी पेन्शन मंजूर झाले, आणि १८२५ मध्ये मरेपर्यंत ते त्याला मिळत होते.